डॉक्टर, तुम्ही उशी धरलीत म्हणून

आदरणीय डॉक्टर,

छातीतली नळी काढून आज आठ दिवस झाले. टाके सुकलेत, तरी हे लिहायला बसले आणि डोळे भरून आले.

डाव्या फुफ्फुसाचं ऑपरेशन तुमच्याकडे झालं. उजव्याचं दोन वर्षांपूर्वी, दुसरीकडे. तेव्हाही दुर्बिणीतूनच, तीनच छिद्रं. रात्रभर कण्हत होते, तर राउंडला आलेल्यांनी चादरही न उचलता ऐकवलं, "एवढ्याशा छिद्रांनी काय दुखतंय? सहन करायला शिका." मी खोकायची धास्तीच घेतली. श्वास वरच्यावर, कफ साठला, न्यूमोनिया झाला. आणि बोल लागला तो माझ्या नाजूकपणाला!

तुम्ही आदल्या दिवशी खुर्ची ओढून बसलात आणि आधी विचारलंत, "मागच्या वेळी काय झालं?" सगळं ऐकून मग समजावलंत, की छिद्र लहान असलं तरी अवजार दोन बरगड्यांच्या फटीतून जातं, तिथली नस दाबली जाते, वर नळी श्वासागणिक आतून घासते. दुखणारच. त्या रात्रीचं माझं दुखणं खरं होतं, हे मला दोन वर्षांनी कुणीतरी सांगितलं.

इरेक्टर स्पायनी ब्लॉक हे नावही तुमच्याकडूनच कळलं. कण्याशेजारच्या स्नायूखाली, सोनोग्राफीत बघत बधिर करणारं औषध सोडायचं. 2016 मध्ये पहिल्यांदा मांडली गेलेली पद्धत. बाकी ते शास्त्र तुमचं.

मला आठवते ती ऑपरेशननंतरची संध्याकाळ. स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लावलात, गार लागला. बरगड्यांवर आणलात, तिथे गारवाच कळेना. "आता खोका." मी मानेनेच नाही म्हटलं. तुम्ही रागावला नाहीत. उशी दुमडून माझ्या कुशीला लावलीत, वरून तळहात दाबून धरलात. "मी धरलंय. घाई नाही."

खोकले. ओढ बसली, पण ती जुनी कळ आलीच नाही. कफ सुटला. मी दुसऱ्यांदा खोकेपर्यंत तुमचा हात तिथेच होता. तुमची ड्युटी केव्हाच संपली होती, हे सिस्टरनी नंतर सांगितलं. दुखणाऱ्याचं खरं मानायला यंत्र लागत नाही, डॉक्टर. तुमच्यापाशी ती माणुसकी आधीपासून होती.

घरी खोकताना अजून उशी धरते. आज सकाळी मात्र खोकून झाल्यावर लक्षात आलं, उशी घ्यायची राहूनच गेली.

तुमची ऋणी,
एक पेशंट