हळदीकुंकू बदक सायबेरियाचं नव्हे

महोदय,

रविवारच्या अंकात कवडीपाटच्या पक्ष्यांचा फोटो पहिल्या पानावर छापलात, बरं वाटलं. पण खालची ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. 'निर्मळ पाण्यात विहरणारी सायबेरियाची पाहुणी बदके.' फोटोत पुढे दिसणारी जोडी हळदीकुंकू बदकांची आहे. ती कुठूनही आलेली नाही, इथलीच आहे, बारमाही. मी मांजरीत राहते. मुळा-मुठेच्या काठी ही बदकं मला भर जूनमध्येही दिसतात, आणि पाऊस सरता सरता कधी कधी मागे पिल्लांची रांग असते.

ओळख अगदी सोपी. चोच काळी, टोक हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं, आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना कुंकवाची बोटं. मादीची जरा बारीक, कधी दिसतही नाहीत. हे नाव ठेवणारी बाईच असणार, असं मला कायम वाटत आलंय.

मागे जो काळा, पांढऱ्या कपाळाचा पक्षी आहे तो तर बदकच नाही. तो वारकरी, पाणकोंबडीच्या कुळातला. उडायचं झालं की पाण्यावर फटाफट पाय आपटत लांबवर धावतो, मग कुठे वर उठतो. हळदीकुंकू जागेवरूनच सरळ उठतं.

खरे पाहुणे आहेतच की. तांबूस-नारिंगी चक्रवाक दिवाळीच्या सुमारास येतात. पण त्यांची घरटी लडाख, तिबेट, मध्य आशियात. थंडीत आलेला प्रत्येक पक्षी सायबेरियाचा, हे कुणी ठरवलं देव जाणे! थापट्या मात्र खरंच दूर उत्तरेकडून येतो. पळीसारखी पसरट चोच पाण्यात धरून घोळक्यानं गोल गोल फिरत असतो. गढूळ पाण्यातलं बारीकसारीक खाद्य तो चोचीनं गाळून घेतो, म्हणून त्याला ही नदी चालते. तेव्हा 'निर्मळ' शब्द मागे घ्यावा. मी तिथे नाकाला पदर लावून उभी असते.

चूक माझीही झालेली आहे. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात वहीत लिहून ठेवलं, 'थापट्याच्या माद्या ४०, नर एकही नाही.' जानेवारीत पाहते तर निम्म्या 'माद्यां'ची डोकी हिरवीगार! तेव्हा कळलं, हिवाळ्याच्या सुरुवातीला नरही मादीसारखेच मळकट तपकिरी असतात. तेव्हापासून मी पिसांचे रंग नंतर बघते, आधी चोच.

एवढं लांबण लावण्याचं कारण माझा नातू. त्यानं तुमचं कात्रण शाळेच्या प्रकल्पवहीत चिकटवलं आणि बाईंनी त्यावर 'छान' असा शेरा दिला. मी म्हटलं, अरे, हे चुकलंय, खोड. तर म्हणतो, "आजी, पेपरात छापलंय, तुझं कसं बरोबर असेल?" मी दुर्बीण दिली, नदीवर नेलं, हळद दाखवली, कुंकू दाखवलं. सगळं बघितलं आणि घरी येऊन पुन्हा कात्रणाकडेच बोट.

तरी एक दुरुस्ती छापावी ही विनंती. चौकट लहान असली तरी चालेल, वहीत चिकटवायची आहे.

— एक वाचक, मांजरी बुद्रुक