शिक्का कुठे मारलास?

अ‍ॅशबर्न, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिल्या,

गणपतीपासून तुझ्या तीन मेसेजना मी नुसते अंगठे पाठवलेत. रागावला असशील, तर राग. तब्येत बरी, साखर काठावर, मेधा मजेत. हे झालं. आता जे लिहितोय ते फोनवर सांगणार नाही, कारण फोनवर तू हसशील.

९५ ची विधानसभा आठवते? शाळेच्या फाटकाबाहेर तू युतीच्या टेबलावर चिठ्ठ्या फाडत होतास आणि रस्त्यापलीकडे मी पंजाच्या. दुपारी तुमच्या पार्टीचे वडापाव तू मलाही आणून दिलेस. आणि सहा वर्षांनी गच्चीवर कबूल केलंस की आत जाऊन शिक्का पंजावरच मारला होतास. काय काय बोललो मी तुला! दुतोंडी म्हणालो, तीन महिने अबोला धरला. ते सगळं आज परत घेतो.

आमची ही व्हर्जिनियातली लाउडन काउंटी म्हणजे वॉशिंग्टनची डोंबिवली. घोडे जास्त, इतकंच. १९९० साली इथे ८६ हजार माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ४ लाख २० हजार निघाली. शेतं जाऊन चाळीसारखी चिकटून बांधलेली घरं आली, आणि आता जागा दिसेल तिथे डेटा सेंटरची बिनखिडक्यांची गोदामं. १९६८ ते २००४, अध्यक्षपदाला इथे दर खेपेला रिपब्लिकनच पुढे. २००८ ला ओबामा जिंकला आणि काउंटी पालटली ती पालटलीच. पालटवली कोणी, तर बऱ्याच अंशी आमच्यासारख्यांनीच. इकडे पूर्वेला अ‍ॅशबर्न, स्टर्लिंग, साउथ रायडिंगमध्ये तेलुगू, तमिळ, कोरियन, मराठी. पश्चिमेला पर्सेलव्हिलकडे द्राक्षमळे, तबेले आणि अजूनही रिपब्लिकन पाट्या. २०२० ला बायडन इथे २५ टक्क्यांनी पुढे होता.

गेल्या वर्षी सईचं पहिलं मतदान आणि नागरिक झाल्यावर माझंही पहिलंच. ती डेमोक्रॅट सुहास सुब्रमण्यमसाठी दारोदार हिंडली होती. तो निवडून आला, व्हर्जिनियातून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, गेलेला पहिला भारतीय वंशाचा माणूस. निकालाच्या रात्री आम्ही टीव्हीपुढे बसलो. आमची मोजणी लवकर आटपली, म्हणून सगळे पंडित लाउडनच्याच नकाशावर बोट ठेवून बसलेले. इथे हॅरिस जिंकली, पण फरक २५ वरून १६-१७ वर आला होता. सई ताडकन उठली. "बाबा, कोण आहेत ही माणसं?"

मी म्हणालो, "पर्सेलव्हिलची असतील."

दिल्या, ती माणसं म्हणजे मी. इथे शिक्का नाही, शाई नाही. कागदावरचा गोल पेनाने काळा करायचा. खाली सुहासचा गोल मीच भरला, आणि वरचा ट्रम्पचाही मीच.

का, ते विचारू नकोस. म्हणजे विचार, पण उत्तर मोठं नाही. किराणा महागला होता, घराचा हप्ता, घरपट्टी. आणि ग्रीन कार्डासाठी चौदा वर्षं रांगेत काढलेल्या माणसाला रांग न लावता आलेल्यांचा एक खवट राग असतो. आपल्याला लोकलमध्ये यायचा तोच. डोंबिवलीला लटकत चढायचं आणि दिव्याला कोणी चढायला लागला की ओरडायचं, जागा नाहीये!

मग हे वर्ष आलं. शेजारचा सरकारी नोकर फेब्रुवारीत घरी बसला. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारच बंद, गल्लीत तीन घरांत पगार नाही. आणि सप्टेंबरात ते नव्या एच-वन व्हिसाला एक लाख डॉलर फीचं फर्मान. त्याच आठवड्यात तुझा मेसेज आला, "अरे, चिन्मयचं आता काय होणार?" त्याला मी अंगठा पाठवला. अंगठा! त्यानंतर लिहायला तोंडच राहिलं नाही.

या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक झाली (व्हर्जिनियात दरवर्षी कसली ना कसली असतेच, तू इथे सुखात राहिला असतास). स्पॅनबर्गर बाई गव्हर्नर झाल्या, हैदराबादला जन्मलेल्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर. मी सगळे गोल डेमोक्रॅटांच्याच बाजूचे भरले. सई कॉलेजातून मुद्दाम आली होती. मत देऊन बाहेर आल्यावर शर्टांवर स्टिकर लावून आमचा दोघांचा फोटो काढला आणि म्हणाली, "बरंय, निदान आपल्या घरात तरी पर्सेलव्हिल नाही." मेधा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत आहे की काय, कळत नाही. मत कोणाला दिलं याची इथेही कुठे नोंद नसते, हे मी दोनदा तपासून पाहिलं. हस आता.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? इमारतीच्या रीडेव्हलपमेंटवर सह्या झाल्या की ते दुसऱ्या मजल्यावरचे अजून अडूनच बसलेत? चिन्मयला म्हणावं जर्मनीचंही बघ. मी चौकशी करतो, खरंच करतो.

पण आधी एक सांग. त्या रात्री गच्चीवर मी काही विचारलंही नव्हतं. तरी तू आपणहून का सांगितलंस? नंतर बरं वाटलं, की नुसता तीन महिन्यांचा अबोलाच पदरात पडला? सई नाताळच्या सुट्टीत घरी येतेय. त्याआधी लिही.

तुझा,
बंड्या

ता. क. हे पत्र चिन्मयला दाखवू नकोस. निदान इतक्यात तरी.