पत्रिकेवर चार ओळी हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑपेरातल्या गाण्यांवर रचलेली पियानो फँटसी मैफलीत वाजली, की 'बोटांची कसरत झकास' असा शेरा हमखास कानावर येतो. दोष श्रोत्यांचा नाही. कार्यक्रमपत्रिकेत संगीतकाराचे नाव आणि रचनेचे नाव यापलीकडे काही नसते. रचनेत कोणत्या प्रवेशातले काय आणि कोणत्या क्रमाने घेतले आहे, हे छापावे, एवढीच आमची मागणी आहे.

क्रमातच सगळे आहे. एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक-संगीतकार लिस्ट याची 'डॉन जुआन' फँटसी (१८४१) घ्या. मोझार्टच्या मूळ ऑपेरात बायकांना नादी लावणाऱ्या डॉनचे झर्लिना या खेडवळ मुलीबरोबरचे युगुलगीत आणि त्याचे मद्यगीत पहिल्या अंकात येते; डॉनने मारलेल्या माणसाचा, त्याला शिक्षा करायला येणारा पुतळा दुसऱ्यात. लिस्ट पुतळ्याची धमकी आधी ऐकवतो, मग युगुलगीत, त्यावरची व्हेरिएशन्स (तीच चाल वेगवेगळी रूपे देऊन) आणि मद्यगीत, आणि अगदी शेवटी पुन्हा पुतळा. शिक्षा आधी, चैन नंतर! ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती नुसता सप्तकांचा गडगडाट लागतो. त्याच वर्षी लिस्टने बेलिनीच्या 'नॉर्मा' या ऑपेरावर रचलेल्या फँटसीत तर त्यातले सर्वांत गाजलेले गाणे 'कास्ता दिवा' नाहीच. तेही आधी कळलेले बरे, नाहीतर श्रोता त्याचीच वाट बघत बसतो.

हेच अज्ञान वादकालाही नडते. लिस्टचा समकालीन पियानोवादक थालबर्ग याने आपल्या 'मोझेस' फँटसीत रूढ केलेली 'तीन हातांची' युक्ती पाहा. गाणे मधल्या सप्तकांत दोन्ही अंगठे आळीपाळीने वाजवतात, खाली खर्ज असतो आणि भोवती आर्पेजिओ, म्हणजे एकामागून एक सुटे वाजवलेले स्वरसमूह. लिस्टनेही 'नॉर्मा'त ती वापरली आहे. इथे बिघडते ते असे, की हात उडी घेण्याच्या घाईत अंगठा आपटतो आणि गाण्याचा नको तो स्वर ठणकतो. उपाय कंटाळवाणा, पण एकच आहे. आधी फक्त अंगठ्यांचे स्वर पेडलसह (पायाने दाबायची, स्वर रेंगाळत ठेवणारी पट्टी) वाजवायचे. डोळे मिटून ऐकणाऱ्याला हात बदललेला कळता कामा नये. मग खर्ज जोडायचा आणि आर्पेजिओ सर्वांत शेवटी, तेही अगदी हलके. गायकाला लांबवलेला स्वर फुलवता येतो, पियानोचा स्वर मात्र वाजताक्षणी विरू लागतो. म्हणून गाण्याचा पुढचा स्वर, मागचा जेवढा उरला असेल त्याच्याशी जुळवूनच लावावा लागतो.

पेडलचा घोळ वेगळा. आजच्या कॉन्सर्ट ग्रँडचा, म्हणजे मैफलीतल्या मोठ्या आडव्या पियानोचा खर्ज लिस्टच्या काळातल्या पियानोपेक्षा भारी आणि जास्त वेळ रेंगाळणारा. जुन्या छापील खुणांप्रमाणे पेडल पूर्ण दाबून ठेवले की चिखल होतो. अर्धे पेडल वापरून खर्ज ठेवावा, वरचा गोंधळ गाळावा.

अशा रचना अपराइटवर, म्हणजे घरगुती उभ्या पियानोवर बसवणाऱ्यांसाठी एक इशारा. एकच पट्टी झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजवणे शक्य झाले ते पियानो बनवणाऱ्या एरारच्या १८२१च्या दुहेरी एस्केपमेंटमुळे, म्हणजे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच हातोडी पुन्हा सज्ज करणाऱ्या यंत्रणेमुळे. सर्वसाधारण अपराइटमध्ये ती नसते. पट्टी जवळपास पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा उठत नाही आणि मधले स्वर गळतात. तिथे बोटांना दोष देऊन तासन्‌तास घासण्यात अर्थ नाही, वेग कमी करावा.

आयोजकांना चार ओळी छापणे जमत नसेल, तर वादकाने पियानोवर बसण्याआधी उभे राहून तेवढे सांगावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आपले,
पियानो शिकवणारे दोन वाचक