काकाजी, या तान्ह्या पोळ्याला बैल उभा राहिला

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

हे सगळं तुमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात येऊन तोंडीच सांगायचं दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा तुम्ही "राहू दे न बाई, चहा घे" म्हणालात आणि विषय तिथेच मिटवलात. म्हणून आता लिहायला बसले. चारचौघांत लिहिते आहे, कारण माझ्यासारखे खेड्यात बसून, मोबाइलवर बघून ओरिगामी, म्हणजे कागदाच्या घड्यांची कला, शिकणारे पुष्कळ आहेत, आणि मला जे अडत होतं तेच त्यांनाही अडत असणार. तुमच्या पुतण्याला सांगून ठेवलंय, तो वाचून दाखवेल.

गेल्या वर्षीचा तान्हा पोळा आठवला की अजून पोटात कालवतं. आपल्याकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे नंदीबैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. माझ्या पोराला लाकडाचा नको होता, "आईनं केलेला" पाहिजे होता. तीन आठवडे खपून मी एका चौकोनी कागदातून, कात्री न लावता बैल मोडला, म्हणजे घड्या घालून केला. चार पाय, दोन शिंगं, शेपूट, सगळं. घरात पाटावर ठेवला तेव्हा ताठ उभा होता. पण श्रावणातल्या अमावास्येचा दुसरा दिवस, हवेत ओल दाटलेली. पोरगं मारुतीच्या पारापर्यंत पोचेपर्यंत बैलाचे पुढचे पाय फाकले, मान उकलली, पाठीवरच्या घडीला तडा गेला. तो रडला नाही. घरी येऊन बैल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आई, बैल थकला."

चार दिवसांनी बचत गटाची खतावणी बांधायला घेऊन मी तुमच्याकडे आले. पिशवीत तो बैलही होता. का ठेवला होता ते मलाही माहीत नाही. तुम्ही खतावणी बाजूला ठेवून बैलच उचललात. मला वाटलं, नुसतं कौतुक कराल. तुम्ही तो एकेक घडी सोडवत पुन्हा चौकोन केलात, उजेडाकडे धरलात, तडा गेलेल्या जागेवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "हात तुझा चांगला आहे बाई. कागद चुकला. अन् मोडला बी आडवा."

कागदाला उभं-आडवं असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तुम्ही एकाच तावातून दोन सारख्या पट्ट्या कापल्यात, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून टोकाला चिमटीत धरल्यात. मग पालथ्या केल्यात. एकदा दोन्ही मिळून ताठ राहिल्या, दुसऱ्यांदा खालच्या पट्टीनं मान टाकली. "पाह्यलं? ताठ राह्यली तिच्यात धागे लांबीनं हायेत. मशीनवर कागद ज्या दिशेनं पळते, त्याच दिशेनं लगद्याचे धागे झोपतात. पुस्तकाची पाठ नेहमी उभ्यातच धरा लागते, नाई त उघडतच नाई नीट." मग वर्तमानपत्र फाडून दाखवलंत. एका बाजूनं सरळ रेघेत फाटलं, दुसऱ्या बाजूनं वेडंवाकडं. आयुष्यभर मी वर्तमानपत्रं फाडत आले, पण ते असं का फाटतं हे कधी मनात आलं नाही.

माझ्या बैलाची पाठ, म्हणजे सगळ्यांत लांब घडी, नेमकी धाग्यांना आडवी गेली होती. त्यात झेरॉक्सचा कागद. त्यात भरीला पांढरी पूड असते, दोनदा उलटसुलट मोडला की घडीवर तो फुटतो. तोवर मी समजत होते की माझ्या बोटांतच दोष आहे.

त्यानंतर दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, मी अर्धा तास तुमच्याकडे बसू लागले. तुम्ही ओरिगामी कधी केली नव्हती. बगळा कसा मोडतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नाही. तुम्ही मला कागद शिकवलात.

पहिले चार बुधवार मी फक्त चौकोन कापले. मला राग आला होता, हे आज कबूल करते. रुंदी लांबीवर दुमडून उरलेली पट्टी कापली की चौकोन झाला, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही माझा चौकोन घेऊन दोन्ही कर्णांवर दुमडलात आणि कोपऱ्याशी उरलेली केसभर कड नखानं दाखवलीत. "इथं केस आहे, दहाव्या घडीले दोर होईन." आणि खरंच, बैलाच्या शिंगापर्यंत पोचेपर्यंत तेवढ्या चुकीनं एक शिंग लांब आणि एक आखूड व्हायचं. शिंगाशी घडी दाबून मी ते दुरुस्त करायला बघायची. चूक तिथे नसायचीच, ती पहिल्या मिनिटाला झालेली असायची.

तुमचा घडी घालण्याचा प्रकार मी आता शिकवणीच्या पोरांना जसाच्या तसा शिकवते. कोपऱ्यावर कोपरा आणायचा. एका हाताची दोन बोटं तिथे ठेवायची. मग थांबायचं आणि बघायचं. दाबायचं नंतर, तेही मधून बाहेर. "कोपऱ्याकडून आलीस त आत फुगा पडते." आधी बोटाच्या मऊ भागानं हलकी खूण, सगळं जुळलं असेल तरच हाडाची पट्टी. ती पट्टी तुम्ही माझ्या हातात दिलीत तेव्हा मधे अंगठ्याच्या आकाराची खळगी पडलेली होती, तुमच्या वडिलांच्या वापरानं. ती पट्टी धरल्यावर जोर लावावासाच वाटत नाही, नुसती सरकवावी लागते.

आणखी एक गोष्ट तुमच्याशिवाय मला कोणी सांगितली नसती. झेरॉक्सचा कागद साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड. तीनदा दुमडला की आठ पदर, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. बाहेरच्या पदराला आतल्यापेक्षा लांब वळसा घ्यावा लागतो. म्हणून दोन्ही कडा मधल्या रेघेला टेकवायच्या असतात तिथे अगदी टेकवायच्या नाहीत, किंचित श्वास ठेवायचा. तुम्ही पानांचे जुजे, म्हणजे एकत्र शिवायचे दुमडलेले संच, दुमडताना हे रोज करता. मी कडा घट्ट भिडवत होते, त्यालाच काटेकोरपणा समजत होते, आणि पुढच्या घडीला कागद सुरकुतला की रडकुंडीला येत होते.

ऋतूंचं तर तुमच्याकडून ऐकताना मी वहीत लिहून घेतलं. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कागदातला ओलावा उडतो आणि तो पापडासारखा कडक होतो. तेव्हा घडी पहाटे घालायची, नाहीतर माठाजवळ बसून. पावसाळ्यात उलटं. धागे ओल पिऊन जाडीनं फुगतात, लांबीनं जवळजवळ नाही, म्हणून कागद एकाच अंगानं वाढतो. उन्हाळ्यात कापून ठेवलेला माझा चौकोन श्रावणात पट्टी लावून मोजलात तेव्हा तो चौकोन राहिलाच नव्हता. "कापला की लगेच मोड. चौकोन साठवू नको." किती दिवस मी एक गठ्ठा कापून डब्यात ठेवत होते!

कोणता कागद कशाला, हेही हळूहळू बसत गेलं. सरावाला वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद, लांब धाग्यांचा, दहा वेळा उकलून मोडला तरी तुटत नाही. लहान फुलं, फुलपाखरं यांना पतंगी कागद. घोटीव कागद दिसतो छान, पण घडीवर रंग उडून पांढरी रेघ दिसते, तो सोप्या वस्तूंना. वर्तमानपत्र फक्त टोप्यांना.

थंडीत तुम्हाला अकिरा योशिझावांबद्दल सांगितलं होतं ते आठवतं? १४ मार्च १९११ला जन्मलेला हा जपानी माणूस कारखान्यात होता, नव्या कामगारांना घड्यांतून भूमिती शिकवायचा. पुढे नोकरी सोडून त्यानं कागदालाच वाहून घेतलं आणि बरीच वर्षं हलाखीत काढली. आत खोल जाणाऱ्या दरीच्या घडीला तुटक रेघ, वर उठणाऱ्या डोंगराच्या घडीला टिंब-रेघ, ही आज जगभर चालणारी खुणांची भाषा त्याच्यापासून आली. २००५ साली तो गेला, तोही १४ मार्चलाच. त्यानंच कागद ओलसर करून मोडायची रीत काढली. खळ असलेला जाडसर कागद ओल्या फडक्यानं पुसायचा, मऊ झाला की वळणं द्यायची. वाळला की खळ पुन्हा धरते आणि आकार तसाच राहतो. हे ऐकून तुम्ही सुई खाली ठेवलीत. "मंग तो आपल्यातलाच म्हणा," म्हणालात, आणि दुसऱ्या बुधवारी मैद्याची पातळ खळ शिजवून तयार होती. तुमच्या रोजच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद असतो. ही वेगळी होती. "तुह्या खळीत नाई टाकला. पोट्टं बैल तोंडात घालते."

आणि तो कागद! वरच्या फळीवरून तुम्ही जुन्या धोतरात गुंडाळलेला हातकागद काढलात. वर्ध्याचा, सुती कतरणीचा. १९३४ साली वर्ध्यात मगनवाडीला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला, आणि घाण्याचं तेल, मधमाशा यांच्याबरोबर हातकागदही त्यांच्या कामात होता, हे मी शाळेच्या सहलीत ऐकलं होतं आणि विसरलेही होते. हाताच्या चाळणीवर उचललेल्या कागदात धागे सगळीकडे पसरतात, मशीनसारखे एका दिशेनं पळत नाहीत. म्हणून तो कुठूनही मोडा, सारखाच मोडतो. तुम्ही दोन ताव दिलेत आणि पैसे घेतले नाहीत. घरी आमच्या वावरात दरवर्षी पऱ्हाटी असते, वेचणीच्या दिवसांत बोटांना बोंडांचे ओरखडे असतात. त्याच बोटांनी मी कापसाचा कागद मोडणार होते. त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही.

पहिला ताव मी घालवला. पाणी जास्त झालं, कडेचा लगदा सुटला. तुम्ही सांगितलं होतं की चकाकी दिसली तर पाणी जास्त, थांबायचं. मी थांबले नाही. तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही तो चुरगळलेला ताव हातात घेतलात आणि बोलला नाहीत. दुसरा ताव मी पाच महिने हातच लावला नाही. तेवढ्या काळात खाकी कागदाचे बैल मोडत राहिले, चाळीसच्या वर झाले असतील. त्यातच एक गोष्ट उमगली, ती मात्र माझी मला: फार घड्यांचा बैल म्हणजे चांगला बैल, हा माझा समज खोटा होता. निम्म्या घड्या काढून टाकल्या. कान वेगळे काढले नाहीत, खूर काढले नाहीत. वशिंड तेवढं नीट यायला हवं होतं, कारण आपल्या बैलाची ओळख तिथेच असते.

या वर्षी पोळ्याच्या चार दिवस आधी दुसरा ताव काढला. दोन्ही बाजूंनी खळ लावून वाळवला, मोठा चौकोन कापला आणि लगेच बसले. पिळलेलं फडकं फिरवलं. चकाकी गेली, कागद ओल्या खादीसारखा लवचीक झाला. पाठीची घडी धारदार न करता नुसती वळवली. वशिंडाखाली अंगठा घालून वर ढकललं आणि तसाच धरून बसले, पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाय दोऱ्यानं बांधले. रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी दोरा सोडला. पाय हलले नाहीत. टिचकी मारली तर टणक आवाज आला.

तान्ह्या पोळ्याला सकाळपासून भुरभुर होती. पोरानं बैलाला शिंगांना लाल बेगड, गळ्यात पिवळा गोंडा बांधला आणि छत्रीखालून पंधरा-सोळा घरं फिरवला. पाराजवळच्या आजीबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं, त्यामुळे कपाळावर थोडा रंग फुटला आहे, तो तसाच राहू दिला. संध्याकाळी बैल कोनाड्यात ठेवला तेव्हा चारही पाय जमिनीला टेकलेले होते.

काकाजी, तुमच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवताना त्रास होतो हे मी पाहिलंय. बुधवारी मी येतेच. सुया ओवून ठेवत जाईन, जुजे दुमडून देत जाईन. नको म्हणू नका. हाडाची पट्टी तुम्ही मला देऊ केलीत, ती मात्र मी घेणार नाही. ती तुमच्या टेबलावरच हवी, मी तिथेच येऊन वापरेन.

पोरानं बोजाऱ्यातलं दहाचं एक नाणं वेगळं काढून ठेवलंय. कोणासाठी विचारलं तर म्हणाला, "बैलाले उभं करणाऱ्या आबासाठी." या बुधवारी तोही येतो आहे. त्याच्या हातून ते नाणं घ्या, परत करू नका.

तुमची,
बुधवारची विद्यार्थिनी