गणित सोडते म्हणालीस म्हणून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून मनात घोळतंय, ते लिहूनच टाकते. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागली, पेपर राहिला, याचं मला दुःख नाही. केटी सुटते. पण "गणित कशाला हवंय, तयार कोडची लायब्ररी सगळं करते" हे तू ज्या थकलेल्या आवाजात म्हणालीस, त्याने जिवाला चैन पडेना. दादाच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती.

लायब्ररी करते, मान्य. हाताने विकलन आता कोण करतं? पण मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा तुझा प्रोग्राम, शिकेनासं झालं, तर का ते तुला कळेल का?

दिवाळीतलं तुझं ते दहा थरांचं न्यूरल नेटवर्क आठव, एका थराचं उत्तर पुढच्या थराला देणारं मॉडेल. पुढचे थर शिकत होते, सुरुवातीचे हलत नव्हते, आणि तू रात्रभर आकडे बदलत बसलीस. प्रत्येक थरात सिग्मॉइड होतं, कोणताही आकडा शून्य ते एकमध्ये बसवणारं फल. त्याचा विकलज, म्हणजे बदलाचा दर, पावपेक्षा मोठा कधीच होत नाही. बारावीत ओट्यावर बसून तूच ते काढलं होतंस. उत्तरातली चूक शेवटच्या थरापासून मागे नेताना शृंखला नियमाने दर थराला असा एक विकलज गुणला जातो. पाव गुणिले पाव असं दहा वेळा केलं की दहा लाखांत एकाहूनही कमी उरतं. थरांना जोडणारे आकडे, म्हणजे वेट्स, मोठे नसतील, तर पहिल्या थराला शिकायला काय मिळणार? नंतर तू सिग्मॉइडच्या जागी रेलू वापरलंस, ऋण आकड्याचं शून्य करणारं आणि धन आकडा तसाच ठेवणारं फल, आणि चाललं. का चाललं, ते मात्र विचारलं नाहीस.

बघ, शिकवायलाच लागले. रागावू नकोस, सवय जात नाही.

खरं तर मला आनंद सांगायचा होता. तुझं नेटवर्क चूक कमी करायला वापरतं ती, उताराच्या दिशेने पावलं टाकत किमान किंमत गाठायची रीत फ्रेंच गणिती कोशीने १८४७ मध्ये मांडली, ग्रहांच्या कक्षांची गणितं डोळ्यासमोर ठेवून. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेतल्या लेखात दाखवलं की शृंखला नियमाने चूक मागे नेत गेलं, तर नेटवर्क आतल्या थरांतही आपलं आपण काही शिकतं. "मॅडम, याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्या पोरांना आता मी तुझं नाव सांगते. स्टाफरूममध्येही सांगत सुटते. बाबा म्हणतात, पुरे आता.

पण उद्या तुझं मॉडेल कुणाचं कर्ज नाकारेल, कुणाच्या एक्स-रेत गाठ नाही म्हणेल. तेव्हा ते चुकतंय हे तुला कळेल का? पुन्हा तेच लिहिलं. लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

नको झालेल्या त्या एम-थ्रीतच सदिशांचं प्रकरण आहे, आणि ग्रेडियंट, म्हणजे सर्वांत तीव्र चढ कुठल्या दिशेला ते सांगणारा सदिश, तिथेच येतो. तिथून सुरू करू. पेपरची तारीख कळव, आणि रात्री नऊनंतर कधीही फोन कर. गणिताचा कंटाळा आला असेल तर नुसती बोल. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून उपाशी झोपू नकोस. आत्याकडे जात जा, ती वाट बघते.

तुझी,
आई