‘गनस्मोक’मधले द्वंद्व आणि चौदा पावलांचे अंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या अमेरिकन वेस्टर्न मालिकांवरचा लेख आवडीने वाचला. ‘गनस्मोक’चे नाव मराठी वर्तमानपत्रात किती वर्षांनी दिसले! मात्र लेखकाने त्यातल्या भर रस्त्यावरच्या गोळीबाराला सरसकट ‘इभ्रतीचे द्वंद्वयुद्ध’ म्हटले आहे आणि ज्याचा हात आधी पिस्तुलावर जाईल तो जिंकतो, असेही ठोकून दिले आहे. इथे मला थोडे भांडायचे आहे.

१० सप्टेंबर १९५५ रोजी दाखवलेला या मालिकेचा पहिलाच भाग (‘मॅट गेट्स इट’) लेखकाने पुन्हा पाहावा. प्रास्ताविक खुद्द वेस्टर्न चित्रपटांचा नायक जॉन वेनने केले होते. डॅन ग्रॅट नावाचा बंदूकबाज डॉज सिटीत येतो. चपळाईत त्याच्या पासंगालाही कोणी पुरत नाही. गावाचा कायदा राखणारा मार्शल मॅट डिलन, म्हणजे नट जेम्स आर्नेस, त्याच्यासमोर उभा राहतो आणि चक्क गोळी खाऊन पडतो. पहिल्याच भागात नायक आडवा! दुखणे काढताना डिलनच्या ध्यानात येते की ग्रॅट प्रत्येक वेळी समोरच्याच्या अगदी जवळ जातो. हात विजेसारखा, पण नेम यथातथाच. दुसऱ्या खेपेला डिलन त्याला जवळ येऊच देत नाही. लांब उभा राहतो, नीट नेम धरतो, संपले.

नातवाने मोबाइलवर लावून दिला तेव्हा हा शेवट मी दोनदा मागे नेऊन पाहिला. नातू म्हणाला, “आजोबा, पण ही तर चीटिंग झाली.” त्याच्या वयाला ते शोभले. मालिकेच्या सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध दृश्यातही समोरचा माणूसच क्षणभर आधी गोळी झाडतो. ती वाया जाते आणि पडतोही तोच.

आता ‘इभ्रतीचे द्वंद्व’. ती रीत मुळात सरदार-दरकदारांची, लिखापढीची. आयर्लंडमध्ये १७७७ साली क्लॉनमेल इथे तिचे नियमच बांधले गेले आणि पुढे ते अमेरिकेतही चालले. आधी चिठ्ठी जायची, मग दोघांचे साथीदार भेटायचे. समेट घडवणे हे त्यांचे पहिले काम. ते जमले नाही तरच जागा, वेळ आणि अंतर ठरायचे. हॅमिल्टन आणि बर हे अमेरिकेतले दोन बडे राजकारणी ११ जुलै १८०४ला न्यू जर्सीतल्या वीहॉकनला समोरासमोर आले, त्याआधी जूनपासून त्यांच्यात पत्रांची देवाणघेवाण चालली होती. सलूनच्या दारातून बाहेर ये, असा प्रकार त्यात कुठेच नाही.

लेखकाला घरचे उदाहरण हवे असेल तर कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्याच कौन्सिलातला फिलिप फ्रान्सिस यांचे घ्यावे. १७ ऑगस्ट १७८०, कलकत्त्यातले अलीपूर. भांडणाच्या मुळाशी मराठ्यांविरुद्धचे युद्ध होते. आपण युद्धाच्या आड येणार नाही, असा शब्द फ्रान्सिसने दिला आणि मग महादजी शिंद्यांविरुद्धच्या मोहिमेला विरोध केला, असे हेस्टिंग्जचे म्हणणे. असा शब्द दिलाच नव्हता, असे फ्रान्सिसचे. सत्य आणि इभ्रत या दोन्हींचा या माणसापाशी पत्ता नाही, अशा अर्थाचा शेरा हेस्टिंग्जने सरकारी कागदावर मारला, तेव्हा फ्रान्सिसने आव्हान दिले. एका साथीदाराने सुमारे चौदा पावले मोजली. पिस्तुलाला हे अंतर फार होते, असे हेस्टिंग्ज म्हणाला. फ्रान्सिसच्या पिस्तुलातली दारू सर्दावलेली निघाली, तर हेस्टिंग्जच्याच साथीदाराने, कर्नल पिअर्सने, त्याला आपल्याकडचे काडतूस दिले! शेवटी फ्रान्सिसला गोळी लागली, पण तो वाचला.

टीव्हीवरच्या दृश्याच्या सर्वांत जवळ जाणारी खरी घटना म्हणजे २१ जुलै १८६५ची मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डमधली. जुगारातल्या देण्यापोटी डेव्हिस टटने वाइल्ड बिल हिकॉक या बंदूकबाजाचे खिशातले घड्याळ ठेवून घेतले. ते चौकात मिरवू नकोस, असे हिकॉकने बजावले होते, तरी टटने ते मिरवलेच. इथे मात्र इभ्रत आली, लेखकाला तेवढे गुण द्यायला हवेत. पण दोघांत अंतर होते सुमारे ७५ यार्ड. टटची गोळी हुकली, हिकॉकची लागली. पुढे खटला होऊन हिकॉक निर्दोष सुटला. १८६७ साली ‘हार्पर्स’ मासिकाने त्याच्यावर भलामोठा लेख छापला आणि मग दंतकथांना ऊत आला.

म्हणजे ‘गनस्मोक’च्या लेखकमंडळींनी पहिल्याच भागात वेगापेक्षा अंतराला महत्त्व दिले, ते हवेतून आणलेले नव्हते. मालिकेचे इतके गोडवे गाणाऱ्या लेखात नेमके तेच सुटले, याचे वाईट वाटले.

जाता जाता, लेखाबरोबरचे छायाचित्र रंगीत आहे आणि त्याखाली ‘पहिल्या भागातील दृश्य’ असे छापले आहे. ही मालिका १९६६पर्यंत कृष्णधवलच होती. छायाचित्र नंतरच्या कुठल्या तरी भागातले असणार. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा