मानवशास्त्र विभागाची पारख क्षेत्रकार्याच्या वह्यांवरून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांची क्रमवारी जाहीर झाली की कोणते विद्यापीठ किती स्थानांनी वर गेले आणि कोणते घसरले, याच्या बातम्या येतात. पण एखाद्या मानवशास्त्र विभागात नेमके काय चालले आहे, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था मूल्यांकन करते ते सबंध संस्थेचे. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीत, अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण, विधी यांच्या स्वतंत्र याद्या असतात, मानवशास्त्राची नसते. आणि संशोधन मोजताना तेथे प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय सूचींत नोंदलेले शोधनिबंध धरले जातात, त्यामुळे कोलाम या आदिवासी जमातीच्या नातेव्यवस्थेवर कोणी मराठीत ग्रंथ लिहिला तर त्या हिशेबात त्याला जवळपास जागाच नाही. मी अनेक वर्षे हा विषय शिकवला आहे. या विभागाची पारख करायची असेल, तर समितीने आधी त्याच्या क्षेत्रकार्याच्या, म्हणजे गावात राहून केलेल्या अभ्यासाच्या, वह्या पाहायला मागाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

विद्यार्थी गावात राहून घरोघरची कुटुंबयादी करतो, वंशावळी काढतो, कोणते कुटुंब कोणत्या जंगलातून मोहफुले, तेंदूपाने, मध आणते आणि देवाची जागा कोठे आहे, हे लिहून ठेवतो. पदव्युत्तर परीक्षेपुरते या नोंदींचे मोल शे-दीडशे गुणांचे असेल. गावाला त्यांचे मोल पुढे कित्येक वर्षांनी कळते. जंगलावरील पारंपरिक हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखालील नियमांत हक्काच्या पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात मानवशास्त्रीय सर्वेक्षणासारख्या नामांकित संस्थांनी केलेल्या रूढी-परंपरांच्या नोंदींचाही समावेश आहे. गावातील वृद्धांची साक्ष ग्राह्य असली, तरी ती देणारी माणसे दरवर्षी कमी होत जातात. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या विद्यार्थिनीने काढलेला गावशिवाराचा नकाशा अशा वेळी ग्रामसभेच्या उपयोगी पडू शकतो, मात्र त्यासाठी तो विभागात सापडायला हवा.

तो सापडेलच असे नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. मी ज्या विभागात काम केले, तेथे इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी दोन कपाटे बाहेरच्या वऱ्हांड्यात ठेवण्यात आली आणि एका पावसाळ्यात जुन्या तुकड्यांच्या बहुतेक वह्यांचा लगदा झाला. त्यांची यादी कोणी केलेली नव्हती, त्यामुळे नेमके काय गेले, हेही सांगता येत नाही. मेळघाटातील एका गावच्या वंशावळी त्यांत होत्या, एवढे मला आठवते, कारण तेथे विद्यार्थ्यांबरोबर मी स्वतः राहिले होते. त्यानंतर वर्षभरात मूल्यांकन समिती आली. तिने संगणक, प्रकाशने आणि उपस्थितीपत्रके काळजीपूर्वक तपासली. वह्यांविषयी कोणी विचारले नाही. कोणत्याच रकान्यात तो प्रश्न नव्हता, म्हणून त्या सदस्यांना मी दोष देत नाही.

दुसरी गोष्ट अध्यापकांची. सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वीय आणि भाषिक या चार शाखांना प्रत्येकी किमान एक पूर्णवेळ अध्यापक असल्याशिवाय हा विषय नीट शिकवता येत नाही. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमणुका होतात, आणि वर्गात घेतलेल्या तासांचेच मानधन मिळणाऱ्या तरुण अध्यापकाने महिनाभर धडगाव किंवा भामरागडला विद्यार्थ्यांसोबत राहावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? मग महिन्याचे क्षेत्रकार्य दहा दिवसांवर येते आणि विद्यार्थी छापील प्रश्नावली भरून परततात. ओळख होण्यातच दहा दिवस जातात. विभागाची सुधारणा करायची असेल, तर एकाच गावात सलग एक महिना आणि पुढच्या वर्षी त्याच गावात पुन्हा एक फेरी, एवढा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे धरावा लागेल.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांहून अधिक आहे, आणि या सर्वांशी मराठीतून बोलून भागत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, माडिया द्रविड कुळातली, तर भिली आर्य कुळातली. यांपैकी एका तरी भाषेची प्राथमिक ओळख करून दिल्याशिवाय विद्यार्थ्याला गावात पाठवू नये. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये भाषाशास्त्राचा जुना विभाग आहे आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही याच शहरात आहे. त्यांच्याशी कायमचे सहकार्य करणे अवघड नाही.

जैविक मानवशास्त्राबाबत मला अधिक काळजी वाटते. नंदुरबार आणि विदर्भातील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासांसाठी रक्ताचे नमुने घेतले जातात. संमतीपत्र लोकांच्या भाषेत समजावून सांगितले होते का, तपासणीचा निष्कर्ष त्या माणसाच्या हाती पोहोचला का आणि नमुन्यांचे पुढे काय झाले, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मूल्यांकनात बंधनकारक असावीत. ती तपासणाऱ्या समितीत विभागाने ज्या गावांत काम केले, त्यांपैकी एका गावाचा प्रतिनिधी असावा, अशी माझी सूचना आहे.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी जर्मनीत डॉक्टरेटसाठी कवट्यांची मोजमापे घेतली, तेव्हा मार्गदर्शकांना अपेक्षित असलेला वांशिक फरक त्यांना आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. नोंदी स्वतः घेतलेल्या असल्या, की असे लिहिण्याचे बळ येते. आपले विभाग विद्यार्थ्यांना ते बळ देतात का, हे तपासायलाही त्यांच्या वह्याच उघडाव्या लागतील.

विद्यापीठांनी पुढील मूल्यांकनापूर्वी प्रत्येक मानवशास्त्र विभागातील वह्या, नकाशे, छायाचित्रे आणि ध्वनिफितींची सूची करावी, त्यांच्या संगणकीय प्रती काढाव्यात आणि त्या त्या ग्रामसभेला एक प्रत द्यावी. लोकांची खासगी माहिती असलेली पाने अर्थातच वेगळी ठेवावी लागतील. माझ्या स्वतःच्या एकतीस वह्या घरी आहेत. त्या कोरड्या जागी ठेवल्या जातील आणि यादीवर नोंदवून मला पोच मिळेल, एवढी व्यवस्था झाली, तर मी त्या लगेच सुपूर्द करीन.

आपली,
मानवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे